पुराचा गाळ आणि दहाव्या दिवशीचा ताप

पुराच्या बातम्यांचा क्रम आता आपल्याला पाठ झाला आहे. पहिल्या दिवशी बोटी, दुसऱ्या दिवशी जेवणाची पाकिटे, तिसऱ्या दिवशी पाहणी दौरे. चौथ्या दिवशी बातमी आतल्या पानावर जाते आणि नेमकी तेव्हाच फावडी-घमेली घेऊन माणसे घरांत उतरतात. पाण्यात वाहून गेलेल्यांची नोंद सरकार दरबारी होते. पण गाळ उपसायला गेलेल्यांचे पुढे काय झाले, याची नोंद सहसा होत नाही. ताप येतो तोवर ही मंडळी आपापल्या गावी परतून कामाला लागलेली असतात.

चिपळूणचा २०२१ चा पूर अनेकांना आठवत असेल. २१ जुलैच्या रात्री पाऊस कोसळत राहिला आणि २२ तारखेच्या पहाटे वाशिष्ठी व शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले. बाजारपेठेतली दुकाने, तळमजल्यावरची घरे छतापर्यंत बुडाली. चिपळूणला खाडीची भरती लागते, त्यामुळे वरून येणारे पाणी भरतीच्या वेळी समुद्राकडे सहज सरकत नाही. तरीही कोकणातला पूर तो कोकणातलाच. नद्या आखूड आणि उताराच्या. पाणी जसे धावत आले तसे दीड-दोन दिवसांत उतरलेही. मागे राहिला तो गुडघाभर लाल चिखल.

पालघरजवळच्या कोळगावातून, म्हणजे आता जिथे आमच्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे तिथून, आमचे अकरा जणांचे पथक निघाले. दोन शिक्षक, तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणारे पाच जण, एक वायरमन, गावातले दोन तरुण आणि सरकारी रुग्णालयातून जेमतेम तीन दिवसांची रजा मिळालेला मी. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास मास्क लावून झाला आणि चिखलात उतरल्यावर पहिल्या तासातच सगळ्यांचे मास्क भिजून गेले. वाटेत मी सर्वांना जेवणानंतर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. त्याबद्दल पुढे सांगतो.

गाळ सगळीकडे सारखा नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी आठवडाभर घरांत उभे होते. तिथे भिंतींनी पाणी पिऊन घेतले, धान्य कुजले, जनावरे मेली. अशा घरात शिरताना पहिल्यांदा वास येतो. चिपळूणसारख्या ठिकाणी पाणी वेगाने येते आणि वेगाने जाते, पण डोंगराची माती, गटारांतली घाण, दुकानांतले तेल, पेट्रोल पंपाकडचे डिझेल, मेलेले उंदीर असे सगळे एकत्र ढवळून घरात आणून टाकते. दिसायला ती शेतातली माती वाटते. तिला हात लावताना कोणाला किळस येत नाही आणि धोका तिथेच आहे.

हा चिखल ओला असेपर्यंतच काढला पाहिजे. वाळला की तो सिमेंटसारखा धरतो, मग पहारीने फोडावा लागतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. पण पूरग्रस्त घरांत एक अडचण हमखास दिसते. पंचनामा झाल्याशिवाय काही हलवायचे नाही, अशी लोकांची समजूत असते. नुकसानभरपाईचा प्रश्न असल्याने ती भीती खोटी म्हणता येणार नाही. एका घरात आजोबा खुर्ची टाकून दारातच बसले होते. ‘तलाठी येऊन बघू देत, मगच हात लावा,’ म्हणाले. आमच्यातल्या शिक्षकांनी त्यांच्यासमोर प्रत्येक खोलीचे, प्रत्येक वस्तूचे मोबाइलवर फोटो काढले, तलाठ्यांना फोन लावून दिला, तेव्हा आजोबा उठले. डॉक्टर म्हणून माझे मत विचाराल तर फोटो काढा, बोलून घ्या, पण गाळाला थांबवून ठेवू नका.

पूरग्रस्त भागात सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे ब्लीचिंग पावडर. रस्त्याच्या कडेने, गटारावर, घराच्या उंबऱ्याबाहेर तिच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या असतात. त्या पाहून माणसांना बरे वाटते. जंतूंना मात्र फारसे काही वाटत नाही. क्लोरीन चिखलातल्या सेंद्रिय घाणीशी आधी झगडतो आणि त्यातच संपून जातो, जंतूंपर्यंत पोहोचेल इतका उरत नाही. म्हणून आधी गाळ पूर्ण उपसायचा, मग भिंती व फरशी साबणाच्या पाण्याने घासून धुवायची आणि त्यानंतर ब्लीचिंगचे पाणी फिरवायचे. ताजी पावडर असेल तर लिटरभर पाण्यात साधारण ३० ग्रॅम पुरते. ते पाणी फरशीवर वीसेक मिनिटे राहू द्यावे. शेवटी सगळी दारे-खिडक्या उघडून घर वाळवावे. या चार कामांत वाळवण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे. आपण ज्या जंतूबद्दल बोलणार आहोत तो ओलाव्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो आणि कोरड्या उन्हात लवकर मरतो.

एका गोष्टीवर आमच्या पथकातल्या कारखान्यातल्या मंडळींनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले. फरशीवरचे डाग जात नाहीत म्हणून ब्लीचिंगच्या पाण्यात संडास धुण्याचे ॲसिड ओतायची सवय अनेक घरांत असते. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांविरुद्ध वापरला गेला तो हाच वायू. बंद न्हाणीघरात तो किती लवकर छाती आवळतो, हे तारापूरच्या कामगारांना मी सांगायची गरज नव्हती, उलट तेच घरोघरी सांगत फिरले. तीच गोष्ट पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाची. तळघरातले पाणी उपसायला पंप आतच ठेवून चालू केला तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेत नेतो, त्याला वासही येत नाही. पंप बाहेर, पाइप आत. आणि मेन स्विच बंद असल्याचे वायरमनने स्वतः पाहिल्याशिवाय ओल्या घरात कोणी पाऊल ठेवायचे नाही. आमचा वायरमन या बाबतीत इतका कडक होता की दोन घरांतल्या बायकांनी त्याला ‘फौजदार’ म्हणायला सुरुवात केली.

सापांचे भय सर्वांना असते, पण ते नेमके कुठे असतात हे माहीत नसते. पाण्याबरोबर आलेला साप भिजलेल्या गाद्या, लाकडे, पत्रे यांच्या ढिगाखाली कोरडी जागा शोधतो. कोकणात फुरसे पुष्कळ. एवढेसे असते आणि मातीच्या रंगात मिसळून जाते. ढीग आधी लांब काठीने हलवावा, मगच हात घालावा. दंश झालाच तर पाय न हलवता रुग्णाला उचलून सरकारी रुग्णालयात न्यावे. फुरसे, घोणस, नाग, मण्यार या चारही विषारी सापांवरची प्रतिविषलस तिथे मिळते. बाकी चिरा, दोरी, मंत्र यांवर वेळ घालवू नये. खिळे आणि पत्रे लागून होणाऱ्या जखमा सापांपेक्षा कितीतरी जास्त. पाच वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले नसेल तर जाण्याआधीच घेऊन टाकावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

उंदीर, घुशी, कुत्री, गुरे, डुकरे यांच्या मूत्रपिंडांत लेप्टोस्पायरा नावाचा जंतू राहतो आणि त्यांच्या लघवीतून बाहेर पडतो. पूर आला की बिळे बुडतात आणि सगळे पाण्यात मिसळते. माणसाच्या पायाला भेग, खरचटलेली जागा किंवा तासन्‌तास पाण्यात राहून पांढरी, मऊ पडलेली कातडी असली की त्याला आत शिरायला तेवढी वाट पुरते. डोळ्यांत चिखलाचा शिंतोडा उडाला तरी पुरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरातले वॉर्ड या तापाने भरले. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकातून कमी आणि त्या ऑगस्टमध्ये जास्त शिकून घेतला.

हा जंतू फसवा आहे, हे त्याच्या इतिहासातच लिहिलेले आहे. १९०७ मध्ये स्टिमसन या अमेरिकी डॉक्टरांनी पिवळ्या तापाने मेला असे समजल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात मळसूत्रासारखे, टोकाला आकडा वळलेले जंतू होते. दिसायला थेट प्रश्नचिन्ह. म्हणून त्यांनी नाव दिले ‘इंटरोगन्स’, म्हणजे प्रश्न विचारणारा. रुग्ण कावळीने पिवळा पडला म्हणून पिवळा ताप, हे निदानच बहुधा चुकलेले होते. पुढे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांच्या चमूने, ओल्या कोळसा खाणींत राबणाऱ्या मजुरांना होणाऱ्या अशाच तापाचे कारण हा जंतू असल्याचे दाखवून दिले. उंदरांच्या अंगात तो राहतो, हेही त्याच काळात उलगडले. खाण, भातशेत, गटार आणि पूर या चारही ठिकाणी रोग एकच. ओल्या मातीत उघड्या पायांनी काम करणाऱ्याचा.

शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, कधी त्याहून कमी, कधी महिनाभर. सगळी गोम या आकड्यांत आहे. घर ज्याचे बुडाले तो माणूस चिपळुणातच असतो आणि तिथल्या डॉक्टरांना पूर माहीत असतो, ते पहिल्याच दिवशी ओळखतात. स्वयंसेवक मात्र दहाव्या दिवशी पुण्यात, नाशिकमध्ये, बोईसरमध्ये असतो. तिथे पूर नव्हता. तिथे पावसाळी ताप म्हणजे मलेरिया, डेंग्यू, ‘व्हायरल’ आणि त्या वर्षी अर्थातच करोना.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ओपीडीत पंचविशीच्या आतला एक मुलगा आला. चार दिवस ताप. करोनाची चाचणी निगेटिव्ह, बाहेर तापाच्या गोळ्या झालेल्या. डोळे लाल, पण चिपडे नाहीत. त्या लालीखाली पिवळसर छटा उमटू लागली होती. पोटरी दाबली तर कळवळला. लघवी कालपासून कमी. मी विचारले, ‘पुराकडे गेला होतास का?’

‘नाही साहेब.’

‘चिपळूण, महाड, कुठेच नाही?’

‘चिपळूणला गेलो होतो, पण सेवेला नाही. भाड्याने गेलो होतो.’

तो एका टेम्पोवर क्लीनर होता. धान्य आणि पाण्याचे बॉक्स पोहोचवायला गाडी गेली, माल उतरला, परतीला अर्धा दिवस वेळ होता. समोरच्या घरात म्हातारा-म्हातारी दोघेच घमेली उचलताना पाहून हा चप्पल काढून आत गेला. पॅन्ट वर दुमडली आणि संध्याकाळपर्यंत गाळ ओढला. कोणत्याही पथकाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. त्यामुळे त्याला गमबूट कोणी दिले नाहीत, गोळी कोणी दिली नाही आणि आपण ‘पूरग्रस्त भागात काम केले’ असे त्याच्याही मनात आले नाही. आधीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना त्याने काही सांगितलेच नव्हते आणि त्या दिवसांत ताप म्हटले की सगळ्यांच्या डोक्यात एकच आजार होता.

त्याला दाखल केले. रक्ततपासणीचा अहवाल येण्याआधीच प्रतिजैविक सुरू केले, कारण लेप्टोच्या प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते आणि तोवर थांबणे परवडत नाही. क्रिएटिनिन दोन दिवस वाढत गेले. डायलिसिससाठी हलवायची तयारी करून ठेवली होती. तिसऱ्या रात्री लघवीचे प्रमाण वाढले. बारा दिवसांनी तो घरी गेला. त्याची आई मला सारखी विचारत होती, ‘याला कावीळ उसाच्या रसातून झाली का?’ अर्ध्या दिवसाच्या चिखलातून एवढे होते, हे तिला पटत नव्हते. मला वाटते, अनेकांना पटत नसावे.

आता त्या गोळीविषयी. आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेतल्याने काय होते, याचे दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. १९८२ मध्ये पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना ही गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. औषध नसलेल्या गटात २० जणांना लेप्टो झाला, औषधाच्या गटात एकाला. आपल्या अंदमानात साथीच्या काळात झालेल्या अभ्यासाचे चित्र इतके चकचकीत नव्हते. जंतुसंसर्ग दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच झाला, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण गोळी घेतलेल्यांत निम्म्याहून कमी राहिले. मी या दोहोंतला अंदमानचा निकाल जास्त जवळचा मानतो. आपली माणसे दोन-तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जात नाहीत, ती आयुष्यभर त्याच चिखलात असतात. तेव्हा गोळीचा उपयोग आहे, पण गोळी घेतली म्हणून अनवाणी उतरायला परवानगी मिळत नाही. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ती सहसा देत नाहीत. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. मुक्काम आठवड्याच्या पुढे गेला तर दुसऱ्या आठवड्याची गोळी लक्षात ठेवून घ्यावी लागते. लोक नेमके हेच विसरतात.

हे सगळे पुराशीच जोडलेले आहे असे समजू नका. पालघर, वाडा, विक्रमगड, जव्हार या आमच्या पट्ट्यात जुलैत भाताची लावणी होते, आमच्याकडे आवणी म्हणतात. बायका-पुरुष दिवसभर घोटाभर पाण्यात वाकून उभे असतात आणि पायांच्या भेगांत कोकम तेल भरून सकाळी पुन्हा उतरतात. त्यांच्यासाठी कोणी बस काढत नाही, गमबुटांचे वाटप करत नाही. गमबूट घालून चिखलणीत पाय रुततो आणि रोप लावता येत नाही, हेही खरे आहे. तिथे भेगा भरणे, जखम झाकणे, घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करणे आणि जोखमीच्या दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळी घेणे एवढे करता येते. पण घरे साफ करताना गमबूट न घालण्याला कोणतीही सबब नाही.

पथकाच्या पिशवीत डॉक्टर म्हणून मी काय नेले, हे लोक मला विचारतात. सलाइन, इंजेक्शने नेली होती, ती बहुतेक तशीच परत आली. खरी मागणी होती रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची. कपाटाबरोबर लोकांच्या रोजच्या गोळ्याही वाहून गेल्या होत्या, फ्रिज बंद पडून इन्सुलिन बिघडले होते आणि पाच दिवस गोळी न घेतलेली माणसे दिवसभर गाळ उपसत होती. एका काकूंचा रक्तदाब मोजला तर वरचा आकडा २०० च्या पुढे. त्यांना गोळीपेक्षा घमेले खाली ठेवायला लावणे अवघड गेले. तेव्हा पथक निघताना या औषधांचा साठा जरूर घ्यावा. भिजलेल्या पाकिटातल्या गोळ्या, भिजलेले पीठ, कडधान्य, बाळाच्या दुधाची पावडर हे सगळे टाकून द्यायचे, त्यात दयामाया नको. बाकी वस्तूंबाबत मात्र घाई करू नये. चिखलाने भरलेला अल्बम आपल्याला कचरा वाटतो. घरच्या माणसाला विचारल्याशिवाय काहीही ढिगावर फेकायचे नाही, असा नियम आम्ही पहिल्याच घरात केला. त्यामुळे काम हळू झाले. होऊ द्यावे.

पुढच्या वेळेपासून आम्ही दोन बदल केले. यादीत गाडीचा चालक आणि क्लीनर धरले, कारण गाळाला सेवेकरी आणि भाडेकरी असा भेद कळत नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. तीवर कुठे गेलो, कोणत्या तारखांना गाळात उतरलो आणि गोळी कधी घेतली एवढेच लिहायचे, आणि महिनाभर ती पाकिटात ठेवायची. ताप आला तर बोलायचे त्राण नसले तरी चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवता येते. आणि परतल्यावर सातव्या, दहाव्या व चौदाव्या दिवशी पथकातले एक शिक्षक सर्वांना फोन करतात. बहुतेक जण सांगतात, ताप नाही, फक्त पोटऱ्या भरून आल्यात. फावडे मारून दुखलेल्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात आणि चार दिवसांत मोकळ्या होतात. आठवडाभर काही नसताना दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटरीला हात लावू देववत नसेल, तर सर फोनवर पुढचे बोलत बसत नाहीत. चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायला सांगतात आणि संध्याकाळी पुन्हा फोन करून गेला होतास का, ते विचारतात.